वचन फेकणारे आणि संदर्भ सांगणारे

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने जून २०२४ मध्ये एक कायदा केला. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक शाळेत, अगदी विद्यापीठांतसुद्धा, वर्गावर्गात बायबलमधल्या मोशेच्या दहा आज्ञांचा तक्ता लावायचा. तक्ता किमान अकरा बाय चौदा इंचांचा हवा आणि अक्षर सहज वाचता येईल एवढं मोठं हवं. कायदा लगेच कोर्टात गेला. विरोधात उभ्या राहिलेल्या पालकांत ज्यू होते, ख्रिस्ती होते, कुठलाच धर्म न मानणारेही होते. राज्यघटनेचं काय ते कोर्ट बघेल. मला अस्वस्थ केलं ते कोर्टाबाहेरच्या वादाने. नास्तिकांनी नेहमीची यादी बाहेर काढली: याच मोशेच्या नावावरच्या ग्रंथांत कोळंबी-खेकडा निषिद्ध आहे, दोन जातींच्या धाग्यांचं कापड घालायला मनाई आहे, आईबापांना शाप देणाऱ्याला देहदंड आहे, गुलामाला किती मारलेलं चालेल याचा नियम आहे. मग तेही लावा की भिंतीवर! ख्रिस्ती बाजूकडून तितकंच नेहमीचं उत्तर आलं: तुम्ही संदर्भ सोडून बोलता, आणि श्रद्धाच नसेल तर शास्त्राचा अर्थ तुम्हाला कळणार तरी कसा? एवढ्यावर दोन्हीकडचे लोक आपणच जिंकलो असं समजून मोकळे झाले.

प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणूनच तो असा वाया जाताना बघवत नाही. मी देव मानत नाही. तरीही माझं म्हणणं माझ्या बाजूच्या लोकांना पूर्णपणे रुचेल असं नाही. शास्त्रवचन उद्धृत करायचा हक्क सगळ्यांना आहे, न मानणाऱ्यालाही तेवढाच आहे. पण वचन उचलणं म्हणजेच अर्थ लावणं, आणि तो अर्थ ज्याने लावला त्याने तो स्वतःच्या नावावर घेतला पाहिजे. यादी फेकणारा म्हणतो, हे मी म्हणत नाही, तुमचंच पुस्तक म्हणतंय. संदर्भ सांगणारा म्हणतो, हे मी म्हणत नाही, देवाचं वचनच म्हणतंय. दोघेही ग्रंथाच्या आड उभे राहून बोलतात. या वादात खरं धारेवर धरायचं असेल तर हे आड उभं राहणं धारेवर धरायला हवं.

त्या तक्त्याचंच बघा. दहा आज्ञा नेमक्या कोणत्या, यावर त्या मानणाऱ्यांचंच एकमत नाही. ज्यू परंपरेत ‘मी तुझा देव परमेश्वर आहे’ हे वाक्य हीच पहिली आज्ञा. कॅथलिक आणि लुथेरन मूर्तीची मनाई पहिल्या आज्ञेत धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करून दहाचा आकडा पुरा करतात. बाकीचे बहुतेक प्रॉटेस्टंट मूर्तीची मनाई वेगळी मोजतात. बायबलमधल्या ‘निर्गम’ (एक्सोडस) आणि ‘अनुवाद’ (ड्युटेरॉनॉमी) या दोन पुस्तकांत आज्ञांचा पाठही जसाच्या तसा नाही. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, का पाळायचा याचं कारण एका ठिकाणी सहा दिवसांत झालेली सृष्टी आहे, दुसऱ्या ठिकाणी मिसरमधल्या गुलामगिरीची आठवण आहे. म्हणजे लुइझियानाच्या आमदारांनी काही सरसकट ‘बायबल’ भिंतीवर चढवलं नाही. त्यांनी एक पाठ निवडला, त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवलं, आणि आपल्या निवडीवर देवाची सही आहे असं पोरांना सांगायचं ठरवलं. निवड करणारा माणूस तिथे आहे. फक्त तो दिसू नये अशी व्यवस्था केलेली आहे.

आता हक्काचं बोलू. ख्रिस्ती बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी आधी मान्य करतो. ग्रंथ जगून कळतो, असं एक शहाणपण असतं. मयताच्या घरी तेविसावं स्तोत्र म्हणणाऱ्याला, सगळं गमावल्यावर ईयोबाचं पुस्तक उघडणाऱ्याला त्या ओळींतलं जे उमगतं, ते दुपारभरात विसंगती शोधायला बसलेल्या माणसाला उमगणार नाही. प्रेषित पौलानेही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, करिंथकरांना, लिहिलं आहे की आत्म्याच्या गोष्टी आत्म्यावाचून कळत नाहीत. ठीक आहे. पण हे शहाणपण भक्तीपुरतं आहे. ज्या क्षणी तोच ग्रंथ दुसऱ्याच्या मुलाच्या वर्गात लागतो, कोणी कोणाशी लग्न करावं हे ठरवतो, सरहद्दीवर कोणाला अडवावं याचं समर्थन करतो, त्या क्षणी तो प्रार्थनेचा ग्रंथ राहत नाही. तो सार्वजनिक पुरावा होतो. पुरावा पुढे करायचा आणि उलटतपासणीला मात्र फक्त आपल्यातलीच माणसं चालतील म्हणायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

आणि या बाबतीत मुंबईचा इतिहास ख्रिस्ती मंडळींनी विसरू नये. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी त्यांचा वाद झाला. दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूने आणि बायबलच्या विरोधात लिहिलं. विल्सननी १८३२ मध्ये त्याला पुस्तकाने उत्तर दिलं. १८५७ च्या सुरुवातीला विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद घालत होते. या सगळ्या वादांत मिशनऱ्यांची पद्धत कोणती होती? पुराणांतल्या कथा काढायच्या, देवांच्या वागण्यातली अनीती दाखवायची, एका पुराणाची दुसऱ्याशी विसंगती दाखवायची. पंडितांचं उत्तरही ओळखीचंच होतं: तुम्हाला परंपरा माहीत नाही, गूढार्थ माहीत नाही. ‘तुमची श्रद्धा नाही, म्हणून तुम्हाला बोलता येणार नाही’ हा आक्षेप मिशनऱ्यांनी मानला नाही, आणि त्यांनी तो मानला नाही हे बरंच झालं. पुढे जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त दशावतारांचा अर्थ परंपरेची परवानगी न घेता लावला, तेव्हा तीच मोकळीक त्यांनी वापरली. दुसऱ्याच्या ग्रंथावर बोट ठेवायचा हक्क ज्यांनी या शहरात बजावला, त्यांच्या वारसांना तो आज स्वतःच्या ग्रंथाच्या बाबतीत नाकारता येणार नाही.

श्रद्धा असली की अर्थ आपोआप उलगडतो, हेही खरं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चर्चचे अधिकारी सांगतील तो सिद्धांत त्यांनी निमूट स्वीकारावा अशी अपेक्षा होती. १८८५ मधल्या एका पत्रात रमाबाईंनी कळवलं, की भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता धर्मगुरू सांगतील ते सगळं देवाची आज्ञा म्हणून स्वीकारून तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. त्यांची श्रद्धा कमी होती असं कोण म्हणेल? पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचं काम १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत करत राहिल्या. आतल्या माणसांतही अर्थावरून असं भांडण असतं. मग ‘आतल्या माणसालाच कळतं’ याचा अर्थ प्रत्यक्षात ‘आतल्या अधिकाऱ्यालाच कळतं’ एवढाच उरतो.

बाहेरच्या किंवा नुकत्याच आत आलेल्या माणसाचा प्रश्न काय करू शकतो, याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचं आहे. तिथले अँग्लिकन बिशप जॉन विल्यम कोलेन्झो झुलू भाषेत बायबलचं भाषांतर करत होते. विल्यम न्गिदी नावाचा झुलू सहकारी त्यांना मदत करत होता. नोहाच्या तारवाची कथा आली तेव्हा प्रश्न आला: हे सगळं खरंच असं घडलं? उष्ण देशांतले आणि थंड देशांतले सगळे प्राणी जोडीजोडीने आले? आणि मांसाहारी पशुपक्ष्यांचंही खाणं नोहाने गोळा केलं? नंतर निर्गमचा एकविसावा अध्याय आला. मालकाने काठीने मारलेला गुलाम जागीच मेला तर मालकाला शिक्षा. पण एकदोन दिवस तगला तर शिक्षा नाही, कारण तो मालकाचाच पैसा आहे. ज्या दयाळू देवावर विश्वास ठेव असं आपण शिकवतो आहोत, त्याच्याच तोंडचे हे शब्द आहेत, हे ऐकताना त्या माणसाच्या मनात उसळलेली किळस मी कधी विसरणार नाही, असं कोलेन्झोने लिहून ठेवलं आहे. हा बिशप पूर्वी शाळांसाठी अंकगणिताची पाठ्यपुस्तकं लिहीत असे. मोशेबरोबर मिसरमधून निघालेले सहा लाख लढवय्ये, त्यांची बायकापोरं, त्यांचे तंबू, त्यांची गुरं, हे सगळं रानात मावतं का, हा हिशेब त्याने मांडला आणि १८६२ मध्ये छापला. १८६३ मध्ये त्याला पदावरून काढलं गेलं. १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल त्याच्या बाजूने दिला. ‘संदर्भ बघ’ असं न्गिदीला सांगून कोलेन्झोला सुटता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. प्रश्न माझा आहे, उत्तर मला द्यायचं आहे, असं त्याने मानलं. पुढे याच माणसाने झुलू लोकांवरच्या अन्यायाविरुद्ध वसाहतीच्या सरकारशी भांडण घेतलं, हेही सांगायला हवं.

इथपर्यंत वाचून माझ्या बाजूचे लोक खूश होतील. आता त्यांच्याशी बोलतो. आपल्या यादीतली काही वचनं चोरीची असतात. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातलं ‘माझ्या शत्रूंना इथे आणा आणि माझ्यादेखत ठार करा’ हे वाक्य येशूची आज्ञा म्हणून किती वेळा फिरवलं जातं! ते येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या राजाच्या तोंडचं वाक्य आहे. दाखल्यात असा क्रूर राजा का घातला, हा प्रश्न जरूर विचारावा, पण नाटकातल्या पात्राचं वाक्य नाटककाराच्या नावावर खपवणं ही लबाडीच आहे. एकशेसदतिसाव्या स्तोत्राच्या शेवटी बाबेलची (बॅबिलोनची) तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलं आहे. ते भयंकर आहे. पण ती देवाची आज्ञा नाही. शहर जळालेल्या, देशोधडीला लागलेल्या, विजेत्यांपुढे गाणी म्हणायला लावलेल्या माणसांच्या तोंडचा तो शाप आहे. याउलट शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात शौल राजाला अमालेकी लोकांची बायकामुलं, तान्ही बाळंसुद्धा मारायला सांगितलं आहे आणि ते स्पष्टपणे परमेश्वराच्या नावाने सांगितलं आहे. संदर्भ दिल्यावर काही वचनं निवळतात, काही जास्तच काळवंडतात. हा फरक करायचे कष्ट आपण घेत नाही, आणि मग संदर्भाची मागणी करणाऱ्या प्रत्येकाला पळपुटा म्हणतो.

त्याहून गंभीर चूक वेगळी आहे. ‘खरा ख्रिस्ती असशील तर सगळं शब्दशः मान’ असं जेव्हा नास्तिक म्हणतो, तेव्हा तो नकळत कट्टर पंथीयाची साक्ष देतो. शब्दशः वाचन हेच प्रामाणिक वाचन, बाकी सगळ्या पळवाटा, हे तर कट्टर पंथीयाचंच म्हणणं आहे! इतिहास तसं सांगत नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने विचारलं होतं की सूर्य-चंद्र निर्माण व्हायच्या आधी पहिला, दुसरा, तिसरा दिवस आणि त्यांची संध्याकाळ-सकाळ झाली, हे कोणता सुज्ञ माणूस शब्दशः घेईल? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टीनने बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकावर भाष्य लिहिताना आपल्याच लोकांना बजावलं, की पृथ्वी आणि ताऱ्यांच्या गतीविषयी ख्रिस्ती नसलेल्यांनाही पुष्कळ पक्कं माहीत असतं. त्यांच्यापुढे शास्त्राचा हवाला देऊन अडाणी बडबड केली तर लोक शास्त्रालाच हसतील. हे डार्विनच्या किंवा कोपर्निकसच्या धास्तीने लिहिलेलं नाही. दोघेही शेकडो वर्षं पुढे होते. तेव्हा लाक्षणिक अर्थ म्हणजे विज्ञानाने कोंडीत पकडल्यावर काढलेली सबब, हा आरोप सरसकट टिकत नाही.

तरीही नास्तिकांचा एक मुद्दा उरतो आणि तो खरोखर जड आहे. तो नवा नाही. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या ख्रिस्ती नसलेल्या लेखकाने तो मांडला होता: त्यांच्यातल्या शहाण्या लोकांना स्वतःच्या कथांची लाज वाटते, म्हणून ते रूपकाचा आडोसा घेतात. ओरिजेनने सुमारे सत्तर वर्षांनी त्याला उत्तर दिलं, की ग्रीकही आपल्या देवांच्या कथांचं तेच करतात, मग आम्हालाच दोष का? उत्तर चतुर आहे, पण आरोप त्याने पुसला जात नाही. आजचं रूप असं: तुम्ही अर्थ बदलता ते बाहेरच्या नीतीच्या दडपणाखाली, आणि बदलल्यावर सांगता की ग्रंथाचा अर्थ पहिल्यापासून हाच होता. (ओरिजेनबद्दल एक गोष्ट मात्र आदराने नोंदवतो. सेल्ससचं पुस्तक हरवलं. आज त्याचं जे काही आपल्याला माहीत आहे ते ओरिजेनने उत्तर देताना परिच्छेदामागून परिच्छेद उतरवून घेतलं म्हणूनच. विरोधकाचं म्हणणं पुरतं वाचकापुढे ठेवून मग उत्तर द्यायचं, ही शिस्त आज दोन्हीकडे दिसत नाही.)

हा जड मुद्दा तपासायचा तर अमेरिकेतल्या गुलामगिरीपाशी थांबावंच लागतं. दक्षिणेतले धर्मोपदेशक अडाणी नव्हते आणि त्यांचं वाचन ओढूनताणून आणलेलं नव्हतं. अब्राहामाकडे गुलाम होते. मोशेच्या नियमशास्त्रात गुलामांची खरेदी आहे. पौल इफिसकरांना लिहितो की दासांनो, मालकांची आज्ञा पाळा. अनेसिम नावाच्या दासाला तो त्याच्या मालकाकडे, फिलेमोनाकडे परत पाठवतो. गुलामगिरीच्या विरोधकांकडेही वचनं होती: माणूस पळवून विकणाऱ्याला देहदंड, पळून आलेल्या दासाला मालकाच्या हवाली न करण्याचा ‘अनुवाद’ या पुस्तकातला नियम, आणि मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेची कथा सांगणारं सबंध ‘निर्गम’. पण एकेका वचनाला वचन भिडवायचं ठरवलं तर दक्षिणेची बाजू कमजोर नव्हती. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं का, यावरून १८४५ मध्ये बाप्टिस्टांत फूट पडून सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन निघालं. या संस्थेने गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी. १८६५ मध्ये लिंकनने यादवी युद्धातल्या दोन्ही बाजूंबद्दल म्हटलं ते अक्षरशः खरं होतं: दोघेही एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात. तेव्हा ‘बायबल पहिल्यापासून गुलामगिरीच्या विरोधातच होतं’ असं आज जो पाळक सांगतो, तो त्या सगळ्या उपदेशकांना आणि त्यांच्या हाताखाली भरडलेल्या माणसांना इतिहासातून गाळतो. इथे नास्तिकाचा आरोप शंभर टक्के लागू पडतो.

मग मानणाऱ्याने काय म्हणावं? हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकाच्या आजीने काय म्हटलं ते बघा. तिचा जन्म गुलामगिरीत झाला होता, तिला लिहितावाचता येत नव्हतं. फ्लोरिडात लहानगा हॉवर्ड तिला बायबल वाचून दाखवी. स्तोत्रं चालत, यशया चाले, शुभवर्तमानं तर पुन्हा पुन्हा. पण पौलाची पत्रं ती वाचू देत नसे. फार तर क्वचित करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा तेरावा अध्याय. मोठा झाल्यावर त्याने धीर करून कारण विचारलं. ती म्हणाली, गुलामगिरीच्या काळात मालकाचा गोरा उपदेशक अधूनमधून यायचा, दर वेळी पौलाचंच वचन घ्यायचा आणि वर्षातून निदान तीन-चारदा तरी हे: दासांनो, मालकांच्या आज्ञेत राहा. तेव्हाच मी देवाला शब्द दिला, की कधी वाचायला शिकले आणि कधी मोकळी झाले, तर बायबलचा तो भाग वाचणार नाही. पौलाच्या मनात वेगळं होतं अशी मखलाशी ती करत नाही. मूळ अर्थाचा आधार शोधत नाही. ज्या देवावर माझा विश्वास आहे त्याचं हे बोलणं असू शकत नाही, म्हणून मी ते ऐकणार नाही, असं ती स्वतःच्या जबाबदारीवर ठरवते आणि ज्याच्यापुढे जबाबदार आहे त्यालाच सांगते. या बाईवर ‘सोयीचं तेवढं उचललं’ हा आरोप कोणी करेल का? उचलणं सगळ्यांनाच भागच असतं. कशासाठी उचललं आणि किंमत कोणी मोजली, हे विचारायचं असतं. तिच्या निवडीची किंमत तिने आधीच मोजली होती. गोऱ्या उपदेशकाच्या निवडीची किंमत मात्र दुसऱ्यांच्या पाठीवर वसूल झाली.

याच कसोटीला रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय लावून बघा. सत्ता देवाने नेमलेली आहे, तिच्या अधीन राहा, असं तिथे पौल म्हणतो. अमेरिकेत १८५० च्या कायद्याने पळालेले गुलाम परत पकडून देणं सक्तीचं केलं, तेव्हा त्याच्या समर्थकांनी हा अध्याय पुढे केला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारच्या समर्थकांनी तो वापरला; १९८५ मध्ये तिथल्याच ख्रिस्ती विचारवंतांनी ‘कैरोस’ दस्तऐवजात त्याला उत्तर दिलं की रोममधल्या एका मंडळीला विशिष्ट परिस्थितीत लिहिलेलं हे पत्र प्रत्येक जुलमी सत्तेचा परवाना नाही, आणि याच बायबलमध्ये प्रकटीकरणाचा तेरावा अध्यायही आहे, जिथे सत्ता अजगराची, म्हणजे सैतानाची, चाकर झालेली दिसते. जून २०१८ मध्ये अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सरहद्दीवर आईबापांपासून मुलं तोडण्याच्या धोरणावर टीका होत असताना पुन्हा हाच अध्याय उद्धृत केला. तिन्ही वेळा वचन तेच होतं, तिन्ही वेळा ते सत्ताधाऱ्याने दुर्बळाला ऐकवलं. ‘संदर्भ, संदर्भ’ म्हणून नास्तिकाला गप्प करणाऱ्यांपैकी किती जणांनी तेव्हा सेशन्सना संदर्भ विचारला? काहींनी विचारला, आणि ठणकावून विचारला. त्यांचा मला आदर आहे. पण संदर्भाचा नियम नावडत्या वचनाला लावायचा आणि आवडत्याला माफ करायचा, हा रोजचा शिरस्ता आहे. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताच्या योजना आहेत’ हे यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं वचन नोकरीपासून परीक्षेपर्यंत प्रत्येकाला भेट म्हणून दिलं जातं. ते बाबेलला पकडून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आदल्याच वाक्यात सत्तर वर्षं वाट पाहा असं सांगितलं आहे. म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यांतले बहुतेक परदेशातच मरणार होते. हा संदर्भ भेटकार्डावर कधी छापतात का?

यावर एक आक्षेप येईल आणि तो मानणाऱ्याकडूनही येईल, न मानणाऱ्याकडूनही: प्रत्येकाने आपला अर्थ आपल्या जबाबदारीवर लावायचा म्हटलं, तर सगळेच अर्थ सारखे झाले, ग्रंथ मेणाचं नाक झाला. मला तसं वाटत नाही. ग्रंथ प्रतिकार करतो. पुरावा म्हणून १८०७ मध्ये लंडनला छापलेलं, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी तयार केलेलं बायबल बघा. प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय असतात. या आवृत्तीत २३२ ठेवले होते. योसेफ गुलाम म्हणून विकला जातो आणि निष्ठेने चाकरी करतो, ती कथा ठेवली. मिसरमधून सुटकेची कथा गाळली. दासांनो आज्ञा पाळा, हे ठेवलं. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांना लिहिलेलं वचन गाळलं. शेजाऱ्याकडून फुकट काम करवून घेणाऱ्याचा धिक्कार करणारं यिर्मयाचं वचन गाळलं. स्तोत्रसंहिता सगळीच गेली, प्रकटीकरणही गेलं. ग्रंथाचा हवा तसा अर्थ लावता येत असता, तर कात्री कशाला लागली असती? ज्यांनी ती चालवली त्यांना नेमकं ठाऊक होतं की पुरा ग्रंथ हातात पडला तर तो आपल्या विरुद्ध वाचला जाईल. म्हणून सगळे अर्थ सारखे नाहीत. जो अर्थ टिकवायला पानं फाडावी लागतात, वाचायला शिकण्यावर बंदी घालावी लागते, प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढावं लागतं, तो अर्थ कमी प्रतीचा आहे, मग तो किती का जुना असेना. हीच कसोटी आपल्या यादीलाही लागते: जी यादी वचनाच्या आधीची आणि नंतरची चार वाक्यं दाखवल्यावर कोसळते, ती मोडीत काढावी.

टेनेसीतल्या डेटन गावी १९२५ मध्ये हा सगळा वाद एकाच अंगणात उभा राहिला होता. बायबलमध्ये शिकवलेली मानवाच्या निर्मितीची कथा नाकारणारा सिद्धांत सरकारी शाळेत शिकवू नये, असा कायदा होता आणि जॉन स्कोप्स या शिक्षकावर तो मोडल्याचा खटला होता. बायबल नेमकं काय शिकवतं हे ठरवायचं कोणी, हा कळीचा प्रश्न बचाव पक्षाने सुरुवातीला उचलला होता. त्यासाठी जाणकार साक्षीदारही आणले होते. न्यायाधीश रॉल्स्टन यांनी ज्यूरीपुढे त्यांची साक्ष होऊ दिली नाही. मग २० जुलैला कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर बचाव पक्षाचा वकील क्लॅरेन्स डॅरोने सरकार पक्षाच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायननाच साक्षीला उभं केलं आणि माशाने गिळलेला योना, यहोशवाने थांबवलेला सूर्य, आदामाचा मुलगा काइन याची बायको आली कुठून, असे यादीतले प्रश्न एकामागून एक विचारले. ब्रायन म्हणाले की बायबलमधलं काही दृष्टान्तरूप आहे. ‘तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात’ म्हणजे माणूस खरोखरच मिठाचा आहे असं मी म्हणणार नाही. सृष्टीचे दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असंही नाही. नास्तिकांनी ही त्यांची फजिती म्हणून साजरी केली, श्रद्धावंतांना ती शरणागती वाटली. खरं तर सबंध खटल्यात सरकार पक्षाकडून आलेलं ते सर्वांत प्रामाणिक विधान होतं, आणि डॅरोच्या हातात पुढचा प्रश्न आयता आला होता: अर्थ तुम्हीही लावता, ब्रायनसाहेब, तर मग तुम्ही लावलेला अर्थ कायदा आणि दुसऱ्याने लावलेला गुन्हा, हे कोणत्या अधिकाराने? त्याऐवजी प्रश्न पुन्हा एदेन बागेतल्या सर्पाकडे गेले आणि दोघांची शब्दाशब्दी झाली. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ब्रायन यांची साक्षही नोंदीतून काढून टाकली, स्कोप्सना शंभर डॉलर दंड ठोठावला गेला, आणि तो कायदा १९६७ पर्यंत टेनेसीत लागू राहिला.